तीन साखळ्या, बारा आणे

"हितं न्हाय साहेब, अजून पुढं," धोंडिबा आबा म्हणाले.

मी टेपवरचा आकडा पुन्हा वाचला. एकतीस मीटर अडतीस सेंटिमीटर. शिपायानं तिथंच खुंटी ठोकली होती. खुंटीच्या पुढं दोन पावलांवर विहीर. म्हणजे हद्दीची रेघ विहिरीच्या अलीकडून जात होती आणि अख्खी विहीर शेजाऱ्याच्या रानात पडत होती.

"आबा, कागदात आहे तेवढंच मोजलंय," मी म्हणालो.

"कागद काय म्हनतोय?"

"तीन पूर्णांक बारा साखळ्या."

"न्हाय. माझा बा सांगायचा, वढ्याच्या दगडापासनं पावणेचार साखळ्या. तुमची खुटी लई अलीकडं पडली."

"आबा, तीन पूर्णांक बारा म्हणजे सव्वातीनसुद्धा नाहीत."

"ते पूर्णांक आमाला न्हाय कळत. पावणेचार म्हंजी पावणेचार."

मी त्यांच्याकडे पाहून हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. कागद हातात असलेला माणूस अडाणी माणसाकडे बघून हसतो, तसं होतं ते.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी भूकरमापक होतो. लोक आम्हाला मोजणीदार म्हणतात. बारामती आणि इंदापूर, या दोन तालुक्यांत माझ्या बदल्या होत राहिल्या. इथं माणसांची नावं बदलून लिहितोय. ऑफिस कुठलं होतं ते सांगत नाही, कारण चूक ऑफिसची नव्हती. माझी होती.

जागा लोणी भापकरच्या बाजूच्या माळावरची. सात-आठ घरांची वस्ती. धोंडिबा आबांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आबांनी तरुणपणीच मेंढरं विकली आणि वडिलांच्या नावावरच्या पस्तीस गुंठ्यांत पाय रोवले. पस्तीस गुंठे म्हणजे एकराला थोडं कमी. माळाला पाणी नव्हतं. आबांनी आणि त्यांच्या बायकोनं, ठकूबाईंनी, स्वतः विहीर खणली. सहा उन्हाळे लागले. चौथ्या उन्हाळ्यात पहारीखालची कपची उडून ठकूबाईंचा डावा डोळा गेला. त्यानंतरही त्या दोन उन्हाळे पाट्या उचलत होत्या. विहिरीला पाणी लागलं ते बेताचंच, उसासारखं पीक निघेल असं नव्हे. पण वस्तीला बारमाही प्यायला पुरायचं.

मोजणीचा अर्ज शेजारच्या माणिकरावांचा होता. त्यांचं रान चार एकर. त्यांचं म्हणणं, आबांनी विहीर खणताना निघालेला मुरूम बांधावर टाकला, त्या ढिगाखाली हद्दीचा दगड गाडला आणि बांध हळूहळू त्यांच्या रानात सरकवला. मुरमाचा ढीग खरंच होता. उत्तरेच्या टोकाला पुरुषभर उंचीचा. त्याच्याखाली बांध कुठं होता ते दिसत नव्हतं. दगडही दिसत नव्हता.

आता साखळीचं सांगतो. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आपल्याकडची जुनी मोजणी इंग्रजांच्या काळात झाली. ती लोखंडी साखळीनं केली. साखळीची लांबी तेहतीस फूट. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. गुंठा आला तो तिथून. या साखळीचे सोळा भाग करायचे आणि एका भागाला म्हणायचं आणा. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचे सोळा आणे. अर्धी साखळी म्हणजे आठ आणे, पाऊण म्हणजे बारा. प्रत्येक शेताचं माप अशा साखळी-आण्यांत एका कागदावर लिहिलेलं असतं, त्याला टिपण म्हणतात. आम्ही मोजणीला जाताना टिपणातली मापं मीटरमध्ये फिरवून घ्यायचो. एक साखळी म्हणजे दहा मीटर आणि वर जेमतेम सहा सेंटिमीटर.

मूळ टिपणं शंभर वर्षांपूर्वीची. हात लावला तर तुकडे पडतील अशी. ती पुण्याला रेकॉर्ड रूममध्ये. आमच्याकडे त्यांच्या नकला. त्या गावाची आणि आजूबाजूच्या काही गावांची नक्कल कधीतरी कुणीतरी सुवाच्य अक्षरात नव्या वहीत उतरवलेली होती. वर रकान्याला नाव 'साखळी'. खाली आकडे: ३.१२, ४.०, ९.०.

मी ३.१२ ला साखळीच्या मीटरांनी गुणलं. एकतीस अडतीस आलं. शंभर कड्यांच्या साखळ्याही असतात, त्यांत माप असंच दशांशात लिहितात. त्यामुळे मला काही खटकलं नाही.

खटकायला हवं होतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला साखळी-आणे शिकवले होते. परीक्षेत एक गणितही आलं होतं. मी ते बरोबर सोडवलं होतं.

त्या दिवशी आधी मी दक्षिणेचं टोक मोजलं होतं. तिथं माप चार साखळ्या. चाळीस मीटर तेवीस. टेप संपला तिथं गवतात जुना घडीव दगड होता, अगदी वितीच्या फरकात. माणिकराव म्हणाले, "बघा, हिकडं जमलं की न्हाय?" मलाही वाटलं, नक्कल बरोबर आहे. एक टोक जमलं म्हणजे दुसरंही जमणार. चार साखळ्यांना आणे नव्हतेच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पूर्ण साखळी कशीही वाचली तरी सारखीच येते.

मग उत्तरेचं टोक. तिथं ती खुंटी आणि आबांचं 'अजून पुढं'.

ठकूबाई विहिरीच्या काठावर हंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं वो?"

आबा म्हणाले, "हीर माणिकरावाच्यात गेली म्हनत्यात."

"आपल्या बांधाच्या आत खनली न्हवं?"

"आतच खनली."

"मग?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. ठकूबाईंनी माझ्या हातातल्या वहीकडे एका डोळ्यानं पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. हंडा भरला आणि गेल्या.

ऑफिसात येऊन क्षेत्र काढलं. आबांचं बत्तीस गुंठे भरलं. सातबाऱ्यावर पस्तीस. तीन गुंठे कमी. मी साहेबांना सांगितलं. आमचे साहेब फाईलवरून नजर न काढता बोलणारे.

"पश्चिमेला काय आहे?"

"ओढा."

"ओढ्यानं खाल्लं असेल. जुनी मोजणी आहे, इकडंतिकडं व्हायचंच. या महिन्यात किती मोजण्या झाल्या तुमच्या?"

"अकरा."

"टार्गेट किती?"

मी टार्गेट सांगितलं.

"मग? नकाशा देऊन टाका."

ओढ्यानं खाल्लं हे मलाही सोयीचं होतं. मी नकाशावर सही केली. त्यात विहीर माणिकरावांच्या हद्दीत दाखवली, शेजारी लिहिलं: 'ताबा धोंडिबा यांचा.' आमच्या भाषेत याला अतिक्रमण म्हणतात.

आबा एकदा ऑफिसला आले. सकाळपासून बाकावर बसून होते. मी त्यांना जेवणाच्या सुट्टीनंतर भेटलो.

"साहेब, मूळ कागद बघा की."

"मूळ पुण्याला आहे, आबा."

"मग पुन्याला बघा."

"तुम्हाला पटत नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागा. तसा अर्ज करा."

"कोन येनार मोजायला?"

"आमच्याच खात्यातले."

"आन् मोजनार कशावरनं?"

मी समोरच्या नकलेच्या वहीकडे पाहिलं. मोजणार त्याच नकलेवरून.

"पुन्हा तुमचाच मानूस, तुमचाच कागद," आबा म्हणाले. "त्यापरास तुमीच एकडाव पुन्याचं बघा."

"बघतो," मी म्हणालो.

पुण्याला मी त्या वर्षात चारदा गेलो. रेकॉर्ड रूम स्टेशनपासून फार लांब नव्हती.

माणिकराव माझा नकाशा घेऊन कोर्टात गेले. कोर्टाला नकाशा मान्य झाला. न व्हायला कारण नव्हतं, त्यावर सरकारी शिक्का होता. वस्तीतल्या बायका काही दिवस विहिरीवर येत राहिल्या. रोज वाद व्हायला लागले. माणिकरावांकडे बोअर होतं, त्यांना त्या विहिरीची गरज नव्हती. पोल्ट्रीचं शेड मात्र घालायचं होतं, आणि जागा तीच सोयीची होती. त्यांनी कट्ट्यावर काटे टाकले. बायका ओढ्यातल्या झऱ्यावर जायला लागल्या, आणि झरा आटला की टँकरवर.

गावात आबांचं नाव पडलं. बांधकोऱ्या. दुसऱ्याचा बांध कोरून आपलं रान वाढवणारा. आमच्याकडे चोराला एक वेळ माफ करतील, बांध कोरणाऱ्याला नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी माझ्याकडे नव्या फाईली होत्या.

मोजणीनंतर तीन वर्षांनी एका सकाळी माणिकराव ऑफिसात आले. दाढी वाढलेली. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, दगड निघालाय."

"कुठला दगड?"

"हद्दीचा. शेडसाठी मुरमाचा ढीग हिरीत ढकलला. हीर बुजवली. तळाला दगड उभाच्या उभा हाय. हाललेला न्हाय."

"कुठं आहे?"

"आबा दाखवत व्हते तितं."

मी हातातली फाईल मिटली.

"ट्रॅक्टरवाला म्हनला, ढकलू का त्योबी हिरीत?" माणिकराव म्हणाले. "कुनाला कळलं नसतं साहेब. पन मी न्हाय म्हनलो. चला, तुमी बघा."

त्यांच्याच गाडीवर मागे बसून गेलो. विहिरीच्या जागी मुरमाचं ताजं गोल ठिगळ होतं, भोवतीच्या मातीपेक्षा पिवळं. शेजारी दगड. चारी बाजूंनी घडवलेला, माथ्यावर फुली कोरलेली. खालची माती घट्ट, जुनी. कुणी उकरून पुन्हा बसवलेला दगड असा नसतो. मुरूम त्याच्यावर पडला होता, इतकंच. आबांनी तो गाडला नव्हता.

मी ओढ्याच्या दगडापासून टेप लावला. सदतीस मीटर बहात्तर सेंटिमीटर.

डायरी काढून भागाकार केला. उत्तर आलं तीन पूर्णांक पंचाहत्तर. मी ते पुन्हा केलं. पुन्हा तेच. तीन साखळ्या आणि वर पाऊण. पाऊण साखळी म्हणजे बारा आणे. तीन साखळ्या बारा आणे. ३-१२. कुणीतरी नक्कल करताना मधली रेघ सोडून टिंब दिलं होतं, आणि मी ते टिंब वाचलं होतं.

आबांनी त्या दिवशी मला बरोबर उत्तर सांगितलं होतं. मराठीत सांगितलं होतं. पावणेचार.

मी खाली बसलो. माणिकरावांनी विचारलं, "काय झालं?"

"आबा कुठं आहेत?"

"तुमाला म्हाईत न्हाय? आबा गेले की. उन्हाळ्यात. तापाचं निमित्त झालं."

"आणि ठकूबाई?"

"लेकीकडं. पळसदेवला."

मग ते त्या पिवळ्या ठिगळाकडे वळले. "मी कोर्टात शपथ घेऊन सांगितलं साहेब, दगड आबांनी गाडला म्हनून. तुमच्या कागदावर इस्वास ठेवून सांगितलं."

मी टेप गुंडाळायला घेतला.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेलो. रेकॉर्ड रूममधल्या कर्मचाऱ्यानं मूळ टिपण दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून आणलं. मोडीत लिहिलेलं. आकडा स्पष्ट होता. तीन, मग आडवी रेघ, मग बारा. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा कपाट शोधण्यात गेली.

साहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी तो या वेळी फाईलवरून नजर काढून वाचला.

"हे लेखी कशाला दिलंत?"

"चूक माझी आहे, साहेब."

"ते कळलं. पण आता मला वर पाठवावं लागेल."

"पाठवा."

"तुमची वेतनवाढ थांबेल."

"थांबू दे."

खरं तर मला वाटत होतं, काहीतरी मोठी शिक्षा व्हावी. ती झाली असती तर बरं वाटलं असतं. एक वेतनवाढ थांबली. वर्षभरानं तीही सुरू झाली. दुरुस्तीचा आदेश यायला त्याहून जास्त वेळ लागला. आदेशात माझ्या चुकीला 'परिगणनेतील किरकोळ तफावत' म्हटलं होतं.

नवा नकाशा तयार झाला तो मयत धोंडिबा यांच्या वारसाच्या नावे. पोस्टानं पाठवायचा नियम होता. मी तो घेऊन स्वतः पळसदेवला गेलो. धरणाचं पाणी उतरलं होतं, त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. लेकीचं घर नव्या गावठाणात, जावयाची मासेमारी. अंगणात जाळं वाळत घातलेलं आणि त्याच्या सावलीला ठकूबाई बसलेल्या.

त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. "मोजनीवालं साहेब?"

"हो मावशी."

"आता काय मोजायचं ऱ्हायलंय?"

मी नकाशा उघडून दाखवला. हद्द बोटानं दाखवली. विहीर दाखवली. "विहीर तुमच्याच रानात होती, मावशी. आबांनी बांध सरकवला नव्हता. दगड जागेवरच होता."

लेक चहा घेऊन आली आणि कप हातात घेऊन दारातच थांबली.

"सरकवला नव्हता?" ठकूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तवा कागदानं तसं कसं सांगितलं?"

"मी कागद चुकीचा वाचला. चूक माझी आहे."

ठकूबाईंनी नकाशावर हात ठेवला. कागद सपाट करतात तसा, पुन्हा पुन्हा.

"मी त्यांना लई बोलले साहेब," त्या म्हणाल्या. "म्हनले, सरकारचा कागद कशाला खोटं सांगंल? तुमीच रातीचं दगड हालवला असंल. माझा डोळा गेला त्यो चोरीच्या हिरीत गेला म्हनले. त्यांनी एकडाव सांगितलं, दोनडाव सांगितलं. मग बोलायचंच सोडून दिलं."

लेक म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे आता."

"तापात पानी मागत व्हते. हंड्यात तळाला व्हतं, गढूळ. तांब्या दिला आन् वरनं म्हनले, प्या, सोताची हीर असती तर निर्मळ मिळालं असतं. त्यांनी तोंड फिरवलं. प्याले न्हाईत."

माफी मागायची म्हणून आलो होतो, वाक्य ठरवून आणलं होतं. ते तोंडातून निघालं नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन परत गेलो असतो. त्यांनी तेही केलं नाही. नकाशाची घडी घातली, माझ्याकडे धरली आणि विचारलं, "ह्यो आता कुनाला दाखवू?"

मी तो लेकीच्या हातात दिला. चहा प्यालो. नको म्हणणं त्याहून वाईट दिसलं असतं.

माणिकरावांनी ते तीन गुंठे सोडून दिले, शेड दुसरीकडे घातलं. विहीर पुन्हा उकरून देतो म्हणाले. पण बुजवलेली विहीर उकरणं नव्या विहिरीपेक्षा अवघड, आणि वस्तीतली अर्धी घरं तोवर उठून गेली होती. ठकूबाईंनी निरोप पाठवला, नको. रान पडून राहिलं. मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्यात वेड्या बाभळी होत्या.

ती नकलेची वही मी ऑफिसातून मागून घेतली. तिच्यावरून मी एकूण नऊ मोजण्या केल्या होत्या. पुण्याला जाऊन सगळ्या पुन्हा तपासल्या, मूळ टिपणांशी ताडून. आणखी दोन हद्दी चुकल्या होत्या. एकीत फरक दहा फुटांचा, दुसरीत चौदा. दोन्ही गावांत तक्रार नव्हती. लोकांनी माझ्या खुंट्या मान्य करून बांध घातले होते.

मी यादी साहेबांपुढे ठेवली.

"यातल्या कुणाचा अर्ज आलाय?"

"नाही."

"मग अर्जाशिवाय मोजणी कशी उघडणार?"

"मी जाऊन त्यांना सांगतो."

"सांगा. दोन घरं भांडायला लागतील. मग पुन्हा कुणाला तरी पाठवू मोजायला." त्यांनी यादी फाईलला लावली.

मी गेलो नाही. पहिल्या वर्षी कामं होती, दुसऱ्या वर्षी बदली झाली. आबांच्या वस्तीवर काय झालं ते पाहिल्यावर माणूस असं करणार नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ती दोन दारं वाजवायची म्हणजे काय, ते पळसदेवला पाहून आलो होतो, आणि पुन्हा पाहायची माझी छाती झाली नाही.

पुढं खात्यात नवी मुलं आली की मी त्यांना एवढंच सांगायचो, नकलेवर मोजू नका, मूळ टिपण बघा, आण्याला आणा म्हणा. ती मान डोलवायची. माझ्या ट्रेनिंगमध्ये मीही डोलवली होती.

त्या दोन गावांतून अर्ज अजून आलेला नाही.